रोजची पहाट : लालबाग ते सातताल



लखनौ आणि मराठी माणूस यांचे नाते इतिहासाच्या पुस्तकांत १९१६ या सालाशी बांधलेले आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात या शहरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, लोकमान्य टिळक पुन्हा काँग्रेसच्या व्यासपीठावर दिसले आणि लखनौ करार झाला. देशाच्या राजकारणाला वळण देणारे हे वर्ष शाळकरी मुलांनाही पाठ असते. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, याच शहराच्या लालबाग भागातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये जे घडले त्याची नोंद कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. रात्रीची वेळ होती. चर्चच्या मागच्या भागात तेहतीस वर्षांचा एक अमेरिकन मिशनरी प्रार्थना करत होता. शरीर साथ देत नव्हते, मन खचले होते आणि आपले भारतातले काम संपले, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली होती. त्याचे नाव एली स्टॅन्ली जोन्स.

त्याच १९१७ साली, इथून शेकडो मैलांवर साताऱ्यात, रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारत होते. एक मेरीलँडचा, एक कोकणातला. एक थकून थांबलेला, दुसरा पन्नाशी उलटल्यावर नव्याने चालू लागलेला. पुढे दोघांच्याही वाटेवर आश्रम आला, दोघांनीही ख्रिस्ताला भारतीय मातीत पाहिले, आणि ख्रिस्ती जीवन ही एकदाच होऊन गेलेली घटना नसून ते रोज नव्याने सुरू करावे लागते, हे दोघांनीही जगून दाखवले. आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय हाच आहे : ख्रिस्ती जीवनातले दैनंदिन आध्यात्मिक नूतनीकरण. विषय लखनौचा आहे आणि महाराष्ट्राचाही.

आधी मूळ शिकवण पाहू. प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की, बाहेरचा माणूस झिजत असला तरी आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत असतो. हे लिहिणारा पौल मठात निवांत बसलेला नव्हता. मार खाल्लेला, तुरुंग पाहिलेला, जहाज फुटून समुद्रात सापडलेला माणूस हे लिहीत होता. विलापगीत हे पुस्तक यरुशलेमच्या विध्वंसावरचा शोक आहे, पण परमेश्वराची दया रोज सकाळी नवी असते, ही ग्वाही त्याच शोकाच्या मधोमध येते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना मिळतो तो त्या दिवसापुरताच. हाव धरून उद्यासाठी साठवलेल्या मान्नात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुप्पट गोळा करायची मुभा होती. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती रोजची, वर्षाची नव्हे. आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, कफर्णहूमात रात्री उशिरापर्यंत आजाऱ्यांची रीघ लागल्यानंतर, येशू स्वतः पहाटेच्या अंधारात उठून एकांत जागी प्रार्थनेला जातो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कालची कृपा कालच्यासाठी होती. काल देव भेटला या आठवणीवर आजचा दिवस निभावत नाही. ज्याला हे कळले त्याचा धर्म सवयीचा राहत नाही, आणि ज्याला कळले नाही त्याचा धर्म हळूहळू जुन्या साक्षी सांगण्यापुरता उरतो. अनेक मंडळ्यांत बाप्तिस्म्याची तारीख अभिमानाने सांगितली जाते. आज सकाळी देवापुढे काय बोलणे झाले, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

मार्टिन ल्यूथर यांनी आपल्या लहान प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याचा अर्थ सांगताना याच दुखण्यावर बोट ठेवले. पाण्याचा विधी एकदाच होतो, पण जुन्या माणसाला पश्चात्तापाने रोज बुडवायचे असते आणि नव्या माणसाने रोज वर यायचे असते, असे त्यांचे सांगणे. इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करण्याची शिस्त घालून दिली. जॉन वेस्ली आणि त्यांचे मित्र ऑक्सफर्डमध्ये ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपवास आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असे काटेकोर जीवन जगत. त्या काटेकोरपणावरून चेष्टेने पडलेले नाव पुढे मेथडिस्ट पंथाने आनंदाने स्वीकारले. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत वेस्लींना हृदय पेटल्यासारखा अनुभव आला, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे खरे मोठेपण त्या संध्याकाळनंतर दिसते. त्या अनुभवावर विसंबून न राहता त्यांनी १७४२ पासून साधारण बारा-बारा जणांचे वर्ग बांधले. दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या आत्म्याची खुशाली मोकळेपणाने सांगायची, चुकलेल्याला सांभाळून घ्यायचे, आणि गरिबांसाठी व कामासाठी पैसा-दोन पैसे द्यायचे. भावनेच्या ठिणगीला त्यांनी शिस्तीची चूल दिली. लखनौला मेथडिस्ट आले ते हा वारसा घेऊन.

जोन्स हे त्याच परंपरेतले. ३ जानेवारी १८८४ रोजी मेरीलँडमध्ये जन्म, केंटकीच्या ॲस्बरी कॉलेजात शिक्षण, आणि १९०७ मध्ये थेट लखनौ. लालबागच्या इंग्रजी भाषिक मंडळीचे पाळक म्हणून त्यांची पहिली नेमणूक झाली. पुढे सीतापूर आणि आसपासच्या भागाची जबाबदारी आली. १९११ मध्ये त्यांनी मेबल लॉसिंग यांच्याशी विवाह केला. त्या लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकवत होत्या. काम वाढत गेले. त्यातच एका भारतीय अधिकाऱ्याने त्यांना विचारले की, तुम्ही मिशनरी फक्त खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींकडेच का जाता, आमच्याकडे का येत नाही? प्रश्न मनात रुतला. सुशिक्षित भारतापुढे ख्रिस्त मांडायचा, तोही पाश्चात्त्य संस्कृतीच्या वेष्टनाशिवाय, अशी हाक त्यांना ऐकू येऊ लागली. त्या हाकेला उत्तर देण्याइतकी ताकद मात्र अंगात उरली नव्हती.

आठ वर्षांच्या कामानंतर त्यांची प्रकृती ढासळली. मज्जातंतूंवरच्या ताणाने ते वारंवार कोसळू लागले. डॉक्टरांनी मायदेशी विश्रांतीला पाठवले. वर्षभराने परतताना मनिलामध्ये विद्यार्थ्यांसमोर सभा घेत असतानाच पुन्हा त्रास उलटला. भारतात आल्यावर डोंगरात हवापालटाला जायचे, थोडे बरे वाटले की मैदानात उतरायचे, आणि पुन्हा कोसळायचे, असे चक्र सुरू झाले. हे सारे त्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ या पुस्तकात आडपडदा न ठेवता लिहिले आहे. लक्षात घेण्याजोगे असे की, हा माणूस श्रद्धाहीन झाला नव्हता, पापात पडला नव्हता, आळशी तर नव्हताच. देवाचे काम करता करताच तो रिकामा झाला होता. आजही अनेक पाळक, प्रचारक, धर्मभगिनी, शाळा-दवाखान्यांत राबणारे सेवक नेमके याच अवस्थेत असतात, आणि ती बोलून दाखवायची त्यांना लाज वाटते.

अशा स्थितीत ते लखनौला परिषदेसाठी आले असताना लालबागच्या चर्चमध्ये ती रात्र आली. जोन्स यांच्या सांगण्यानुसार, ज्या कामासाठी तुला बोलावले त्याला तू तयार आहेस का, असा प्रश्न त्यांना आतून आला. तयार नाही, माझ्याजवळचे सारे संपले आहे, असे त्यांनी कबूल केले. हे ओझे माझ्यावर सोपव आणि काळजी सोड, असे उत्तर मिळाले. जोन्स यांनी तिथल्या तिथे तो सौदा मान्य केला. गडगडाट झाला नाही, दृष्टान्त झाला नाही. मनावर मोठी शांतता पसरली आणि पुढचे कित्येक दिवस आपल्याला शरीर आहे याचेच भान उरले नाही, असे ते लिहितात. आठ वर्षांनी पुस्तक लिहिताना त्यांनी नमूद केले की, इतकी वर्षे अतिशय धावपळीची जाऊनही जुने दुखणे परतले नाही.

इथपर्यंतची गोष्ट अनेक प्रवचनांत सांगितली जाते आणि बहुधा इथेच थांबवली जाते. खरे तर विषय इथून सुरू होतो. १९१७ नंतर जोन्स पंचावन्न वर्षे काम करत राहिले. एका रात्रीच्या शिदोरीवर पंचावन्न वर्षे जात नाहीत. त्यांनी त्या रात्रीचा नेम केला. सकाळचा ठरावीक वेळ प्रार्थनेचा, संध्याकाळचाही ठरावीक वेळ प्रार्थनेचा. आगगाडीत असोत, जहाजावर असोत वा परक्या घरी पाहुणे असोत. त्या वेळात बोलणे थोडे आणि ऐकणे जास्त. पुढे त्यांनी दिवसाला एक पान या पद्धतीची पुस्तके लिहिली : १९३६ मध्ये ‘व्हिक्टोरियस लिव्हिंग’, १९४२ मध्ये ‘अबंडंट लिव्हिंग’, नंतर आणखीही. नोकरदार, गृहिणी, शिपाई अशा सगळ्यांना रोज सकाळी पाच-दहा मिनिटांत वाचता येईल एवढा मजकूर, आणि शेवटी छोटी प्रार्थना. लालबागच्या रात्रीचा अनुभव त्यांना वाटता येणार नव्हता. पण रोजच्या सकाळची सवय वाटता येणार होती, आणि ती त्यांनी वाटली.

जोन्स यांचा धागा इथून फार दूर जातो. गांधीजींशी त्यांची पहिली भेट १९१९ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात झाली. ख्रिस्ती धर्म भारतात परका वाटू नये यासाठी काय करावे, या प्रश्नावर गांधीजींनी दिलेला पहिला सल्ला असा होता की, मिशनऱ्यांसह सर्व ख्रिस्ती लोकांनी आधी येशूसारखे जगायला लागावे. गांधीहत्येनंतर, १९४८ मध्ये, जोन्स यांनी गांधीजींवर पुस्तक लिहिले. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी ते वाचले आणि अहिंसेच्या मार्गाकडे वळताना त्याचा आपल्यावर प्रभाव पडल्याचे सांगितले. याच किंग यांच्या आयुष्यातली एक रात्र लालबागच्या रात्रीच्या अगदी जवळची आहे. २७ जानेवारी १९५६. माँटगोमेरी शहरात बसवरचा बहिष्कार चालू होता. मध्यरात्रीच्या सुमारास धमकीचा फोन आला. झोप उडाली. किंग स्वयंपाकघरात कॉफी करून टेबलाशी बसले. आपले बळ संपले, आता एकट्याने पुढे जाता येत नाही, अशी त्यांनी उघड प्रार्थना केली आणि न्यायासाठी उभा राहा, असा आतला आवाज ऐकला. तीन दिवसांनी त्यांच्या घरावर बाँब टाकला गेला. अंगणात जमलेल्या संतप्त जमावाला त्यांनी शस्त्रे घेऊन घरी जायला सांगितले, शत्रूवर प्रेम करायला सांगितले. स्वयंपाकघरातली ती प्रार्थना झाली नसती तर त्या अंगणात काय घडले असते, याचा विचार केला की नूतनीकरण हा एकट्याच्या मनःशांतीचा खासगी मामला राहत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने हाती ठेवलेला नवा करार, पहाडावरच्या प्रवचनाने लागलेले वेड आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा, हा प्रवास मराठी वाचकाला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ठाऊक आहे. त्यानंतरची बावीस वर्षे टिळकांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. शिकवले, ‘ज्ञानोदया’त लिहिले, भजने-कीर्तने रचली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. एवढे झाल्यावर माणूस स्थिरावतो. टिळक स्थिरावले नाहीत. आपण ख्रिस्ताचे पगारी नोकर झालो आहोत की शिष्य, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधू म्हणून सामावले जाणार होते. त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

टिळकांचे उदाहरण जोन्स यांच्यापेक्षा वेगळे आहे आणि म्हणून मोलाचे आहे. जोन्स मोडून पडले म्हणून नवे झाले. टिळक मोडले नव्हते. मान होता, कविकीर्ती होती, पगार होता. सगळे सुरळीत असतानाही आत काही शिळे होते आहे, हे ओळखायला अधिक जागरूकता लागते. संकट माणसाला गुडघ्यावर आणते; सुबत्ता आणत नाही. आज आपल्या मंडळ्यांपैकी कित्येकींकडे इमारती आहेत, शाळा आहेत, जमिनी आहेत आणि त्यांवरून चालणारे खटलेही आहेत. त्यांना टिळकांचे १९१७ जोन्स यांच्या १९१७ पेक्षा जास्त लागू पडते.

तिसरे उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचे. जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी आपल्याकडच्या मुलींना आणि स्त्रियांना रोज एकत्र प्रार्थनेला बसण्याचे आवाहन केले. आरंभी सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनअखेरीस तिथे जे संजीवन आले त्याची वार्ता जगभर गेली आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या उत्साहाच्या प्रसंगांइतकाच त्याआधीचा सहा महिन्यांचा रोजचा नेम महत्त्वाचा आहे. आणि त्यानंतरचाही. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या स्त्रिया मुक्तीमध्ये छापखाना चालवत होत्या, विणत होत्या, शेती करत होत्या. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू आला तोवर ते काम त्यांनी पुरे केले होते. रोजची प्रार्थना आणि रोजची मुद्रिते तपासणे, या दोन गोष्टी त्या आयुष्यात वेगळ्या नव्हत्या.

टिळकांचा दरबार टिकला नाही, पण त्याचे बी वाया गेले नाही. अहमदनगरला काम केलेले इंग्रज धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. त्याच्या वर्षभर आधी त्यांनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला होता, आणि पुढे पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच संघात. दक्षिणेत तिरुपत्तूरला १९२१ पासून ख्रिस्तकुल आश्रम होता. जोन्स यांनी शांतिनिकेतन पाहिले, साबरमती पाहिले, आणि १९३० मध्ये एथेल टर्नर व युनस सिन्हा यांच्यासह भीमतालजवळच्या सातताल येथे ख्रिस्ती आश्रम काढला.

साततालची दिनचर्या या विषयाचा गाभाच आहे. पहाटे एकांत प्रार्थना, मग सामुदायिक उपासना, मग हाताने काम, मग अभ्यास. पदव्या आणि हुद्दे दाराबाहेर. आत सगळे भाऊ-बहीण. उन्हाळी मुक्कामाच्या आरंभी मन मोकळे करण्याची बैठक होई. तू का आलास, तुला काय हवे आहे आणि खरोखर कशाची गरज आहे, हे प्रत्येकाने सांगायचे. बिशपनेही सांगायचे आणि विद्यार्थ्यानेही. वेस्लींच्या बारा जणांच्या वर्गाचेच हे हिमालयातले रूप होते. दुसरी गोष्ट झाडूची. नोकरांना सुट्टी देऊन त्यांची कामे आश्रमवासी करत आणि त्यांत भंगीकामही असे. ब्राह्मण घरातून आलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थांना जोन्स यांनी विचारले, तुम्ही या कामाला कधी येणार? माझे परिवर्तन झाले आहे, पण अजून इतके नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितल्याची आठवण जोन्स सांगत. त्या गृहस्थांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी मोजमाप अचूक केले. प्रार्थना किती खोल गेली हे प्रार्थनेच्या लांबीवरून कळत नाही. आपल्या जातीचा, पदाचा, पैशाचा कोणता कोपरा अजून बंद आहे, यावरून कळते. आणि तो कोपरा एका दिवसात उघडत नाही, म्हणूनच रोज उठावे लागते.

लखनौमध्येही १९३५ च्या सुमारास असाच आश्रम सुरू झाला. त्याची धुरा जे होम्स स्मिथ या तरुण अमेरिकन मेथडिस्टाकडे होती. ब्रिटिश राजवटीत मिशनऱ्यांना सरकारविरोधी काही न करण्याची हमी द्यावी लागे. १९४० मध्ये स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ख्रिस्ताग्रह’ या नावाने जाहीरनामा काढून साम्राज्याविषयी मौन पाळण्यास नकार दिला. त्यांना भारत सोडावा लागला. खुद्द जोन्स यांनाही महायुद्धाच्या काळात भारतात यायला परवानगी मिळाली नाही. स्मिथ न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी हार्लेममध्ये आश्रम काढला. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे एक नेते जेम्स फार्मर तिथे राहिले होते. लखनौच्या एका घरातली सकाळची प्रार्थना अशी साम्राज्याच्या डोळ्यांवर आली आणि वर्णभेदाच्या लढ्यापर्यंत पोचली.

या साऱ्यात मेबल जोन्स यांचे नाव मागे राहते, ते राहू नये. पती जगभर फिरत असताना त्या सीतापूरला मुलांची शाळा चालवत होत्या. मुलांच्या प्राथमिक वर्गांना स्त्रिया शिकवतील, हा त्या काळी धाडसी वाटणारा प्रयोग त्यांनी केला. देणग्यांसाठी असंख्य पत्रे लिहिली. शिक्षणाविषयी गांधीजींशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या शंभर वर्षे जगल्या. व्यासपीठावरची साक्ष त्यांच्या वाट्याला कमी आली. हजेरीपट, हिशेब, वसतिगृहातले ताप आणि खरूज जास्त आली. तीच गोष्ट इझाबेला थोबर्न यांची. १८७० मध्ये अमिनाबादच्या बाजारात सहा मुलींना घेऊन त्यांनी शाळा सुरू केली, तिचे लालबागेत कॉलेज झाले, आणि १९०१ मध्ये लखनौतच पटकीने त्यांचा अंत झाला. नूतनीकरणाचा इतिहास लिहिताना आपण रात्रींचे अनुभव टिपतो आणि अशा हजारो दिवसांना विसरतो.

एक शंका इथे घेतलीच पाहिजे. रोज प्रार्थनेला बसूनही आत काहीच हलले नाही तर? हा प्रश्न प्रामाणिक श्रद्धावंतांचा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देऊ नये. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले. कोलकात्याच्या गल्ल्यांत काम सुरू केल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव होत नव्हती. आत अंधार होता. तरी त्या पहाटे उठत राहिल्या, मिस्सा व प्रार्थना करत राहिल्या आणि मरणाऱ्यांचे हात धरत राहिल्या. म्हणजे नूतनीकरण आणि उल्हास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला सकाळी काही जाणवले नाही तो नापास झाला, असे समजणाऱ्या मंडळ्या माणसांना ढोंगाकडे ढकलतात.

आणि काही वेळा अंधार हा आजार असतो. हे जोन्स यांना कळले होते, कारण ते स्वतः त्यातून गेले होते. आपण बरे झालो म्हणून सगळे प्रार्थनेनेच बरे होतील, असा हट्ट त्यांनी धरला नाही. १९५० मध्ये त्यांनी लखनौच्या लालबागेतच नूर मंझिल हे मनोरुग्णांसाठीचे केंद्र उभे केले. भारतात मानसोपचाराच्या सोयी अत्यल्प होत्या, वेड्यांचे इस्पितळ या शब्दांनीच लोक दचकत. अशा काळात डॉक्टर, औषध, समुपदेशन आणि प्रार्थना एका छपराखाली आणणे हे दूरदृष्टीचे काम होते. स्विस मानसोपचारतज्ज्ञ एर्ना होख यांनी तिथे अनेक वर्षे काम केले आणि भारतीय मनाचा अभ्यास केला. ज्या लालबागेत एका खचलेल्या पाळकाने देवाशी सौदा केला, तिथेच खचलेल्यांसाठी वैद्यकीय आसरा उभा राहिला, हे त्या रात्रीचे सर्वांत ठोस फळ आहे.

आजच्या महाराष्ट्रातले एक उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईतले हे कॅथोलिक धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते. हरित वसईच्या आंदोलनात ते उभे राहिले, गुंडगिरीविरुद्ध बोलले. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. वेदीवरची रोजची उपासना आणि गावाच्या विहिरी-झाडांची काळजी यांत त्यांना अंतर दिसले नाही.

जोन्स यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग पौलाच्या त्या वचनाची परीक्षाच होता. डिसेंबर १९७१ मध्ये, ८७ व्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. बोलणे अडखळले, दृष्टी अधू झाली, चालणे थांबले. प्रवचनावर जगलेल्या माणसाची वाणीच गेली. तरी अडखळत्या शब्दांत ध्वनिफितीवर बोलून त्यांनी शेवटचे पुस्तक सांगितले; ते मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये जेरुसलेमच्या जागतिक आश्रम संमेलनात ते चाकाच्या खुर्चीतून बोलले. मग भारतात परतले आणि २५ जानेवारी १९७३ रोजी बरेलीच्या क्लारा स्वेन रुग्णालयात त्यांनी देह ठेवला.

श्रोतेहो, या साऱ्यातून लखनौच्या आणि महाराष्ट्राच्या मंडळ्यांनी काही ठोस गोष्टी उचलाव्यात, ही कळकळीची विनंती आहे. प्रत्येक घरात सकाळची वीस मिनिटे मोबाईलविना, शास्त्रवाचन आणि शांततेसाठी राखावीत. प्रत्येक मंडळीत दहा-बारा जणांचे गट असावेत. तिथे मनातले बोलता येईल आणि ते बाहेर जाणार नाही. वर्षातून एकदा पाळकाला सक्तीची विश्रांती द्यावी आणि तो थकला आहे का, हे मंडळीने स्वतःहून विचारावे. उदासीने ग्रासलेल्याला विश्वास कमी पडतो असे हिणवू नये. त्याला डॉक्टरकडे घेऊन जावे आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी. चर्चच्या आवारातला झाडू आठवड्यातून एक दिवस पंचांनी आणि वडीलमंडळींनी हाती घ्यावा. आणि लखनौला येणाऱ्या मराठी माणसाने रेसिडेन्सी व इमामबाडा पाहून झाल्यावर थोडा वेळ काढून लालबागेतही जरूर जावे.